जीआरई 'ऑप्शनल' लिहिलंय, मग द्यायची की नको? (एमएस्सी केमिस्ट्री, रत्नागिरी)

सुरंगी_वळेसर

नमस्कार. मी रत्नागिरीत ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या एमएस्सीला दुसऱ्या वर्षाला आहे, घर देवगडकडे. अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचाय, बहुतेक ठिकाणी शेवटची तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. आठ युनिव्हर्सिट्या काढल्यात. त्यातल्या तीन ठिकाणी सरळ लिहिलंय की जीआरईचे (तिकडच्या ऍडमिशनसाठीची इंग्रजी-गणिताची परीक्षा) मार्क पाठवूच नका, एका ठिकाणी कम्पल्सरी, आणि उरलेल्या चार ठिकाणी ऑप्शनल. ह्या ऑप्शनलनेच डोकं खाल्लंय.

फी बावीस हजारांच्या आसपास जाते, वर टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, वर प्रत्येक अर्जाचे ७५-१०० डॉलर. यंदा आमच्याकडे मोहोर दोनदा गळला. बाबा काही बोलले नाहीत, पण पेट्या किती गेल्या ते मला माहितीये कारण वही मीच लिहिते. आमचे प्रोजेक्टचे सर म्हणतात दे, पुण्यातला आतेभाऊ म्हणतो आता कोणी बघत नाही. दहावीपर्यंत मराठी मिडियम, त्यामुळे क्वांटची (गणिताची) भीती नाही पण व्हर्बलचे (इंग्रजीचे) शब्द बघूनच घाम फुटतो. देऊ का? की तोच वेळ नि पैसा गेट, नेट ह्या इथल्या परीक्षांना घालू?

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, इकडे अमेरिकेत केमिस्ट्रीतच पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. जिथे पाठवू नका लिहिलंय तिथे ते स्कोअर बघतही नाहीत, तो विषय संपला. कम्पल्सरीवाली एकच असेल तर ती यादीत ठेवायचीच आहे का ते आधी ठरव.

आता ऑप्शनलचं. २०१७ ला चॅपल हिलची नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी आणि व्हँडरबिल्ट, दोघांनी आपापल्या बायोमेडिकल पीएचडीच्या मुलांचे जुने रेकॉर्ड काढून बघितले, तर जीआरईचे मार्क आणि पुढे मुलाने पेपर किती छापले ह्याचा काही मेळच लागेना. चॅपल हिलवाल्यांना तर शिफारसपत्रातलं रेटिंग जास्त कामाचं वाटलं. त्यानंतर बायोवाल्यांनी एकामागून एक जीआरई काढायला घेतली, मग २०२० ला कोविडमध्ये सेंटरंच बंद पडली तेव्हा बाकीच्या डिपार्टमेंटनीही सोडली, आणि बऱ्याच ठिकाणी ती परत आलीच नाही.

ह्यात एक गोम आहे ती पण सांगतो. हा सगळा अभ्यास ऍडमिशन मिळालेल्या मुलांवरचा आहे. मार्क कमी म्हणून जे बाहेर राहिले ते आले असते तर काय केलं असतं ते त्यात दिसतच नाही. म्हणजे बागेतले फक्त एक नंबरचे आंबे पेटीत भरायचे आणि पेटी बघून म्हणायचं की आकाराचा नि भावाचा काही संबंध नाही, तसं होतं ते.

तरी माझं मत नको देऊ असंच आहे. तो वेळ पत्रांना दे. तुझ्या सरांना सांग की हुशार, मेहनती, वेळेवर येते असलं लिहू नका, कुठली रिऍक्शन चालत नव्हती, टीएलसीवर (रिऍक्शन कुठवर आली ते बघायची पट्टी) काय दिसलं, तू सॉल्व्हंट बदलून बघितलास की तापमान, पदार्थ शुद्ध करायला कॉलम कितीदा लावलास, हे लिहा. वाचणाऱ्याला मुलगी लॅबमध्ये उभी असलेली दिसली पाहिजे. आणि अर्जाची फी माफ करतात काही ठिकाणी, ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला साधी मेल टाकून विचार, लाजू नको. ऍडमिशन झाली की केमिस्ट्रीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ असते नि स्टायपेंड मिळतो.

बाकावरचा_मास्तर

वाशिष्ठीकाठ यांचं बरंच पटलं, पत्रांचं पटलं नाही. मी सिंधुदुर्गात ३१ वर्षं केमिस्ट्री शिकवली.

पत्राला वजन असतं ते लिहिणाऱ्याच्या नावाचं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबमधल्या माणसाचं नाव तिकडे कोणीतरी कुठल्यातरी पेपरवर वाचलेलं असतं. माझं पत्र मी कितीही जीव तोडून लिहिलं तरी मला तिकडे कोण ओळखतो? हे मी रागाने नाही म्हणत, माझ्या मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. मी स्वतः एमएस्सी झाल्यावर एका मोठ्या संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. पहिला प्रश्न, कॉलेज कुठलं. मी सांगितलं, आणि पॅनेलमधल्या एकाने माझी फाईल मिटून बाजूला ठेवली, नंतरचे प्रश्न विचारायचे म्हणून विचारले. त्या खोलीत माझे आणि शेजारच्या आयआयटीच्या मुलाचे एकाच पेपरचे मार्क लिहिलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता. तसा कागद हातात असणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

माझी एक विद्यार्थिनी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला गेली, वडील रापणीवर, मासे ओढायला. तीन तास, ६० प्रश्न, आणि उत्तरं तपासताना ती कुठल्या गावची हे कोणाला विचारायचं कारणच पडलं नाही. परीक्षेत अन्याय नाही असं माझं म्हणणं नाही, फी आहे, क्लास सगळे शहरात, सेंटर लांब, आणि इंग्रजीचा तो डोंगर. पण परीक्षा काढून टाकल्यावर उरतं काय, तर कॉलेजचं नाव, ओळखीचं पत्र आणि कोणीतरी घासूनपुसून दिलेलं एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन. ह्यातलं आपल्या मुलीकडे काय आहे?

म्हणून सुरंगी, ज्या चार ठिकाणी ऑप्शनल आहे तिथे तुझ्यासाठी चांगला स्कोअर कामाचा आहे. चांगला असेल तरच पाठव, पाठवायचा की नाही ते तुझ्या हातात असतं.

गेट मात्र सोडू नको. फेब्रुवारीत असते, ६५ प्रश्न, त्यात १५ मार्कांचं ऍप्टिट्यूड सोडलं तर सगळी केमिस्ट्रीच, म्हणजे एमएस्सीच्या अभ्यासातच ती निघते, वेगळा संसार मांडावा लागत नाही. स्कोअर ३ वर्षं चालतो. सीएसआयआर नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघाली तर महिना ३७,००० रुपये आणि पीएचडी इथेच. अमेरिका नाहीच जमली तर रिकामी राहायची नाहीस.

वाशिष्ठीकाठ

सर, पत्राचं मी माझ्यावरून बोललो. मी एमएस्सीनंतर सहा महिने पुण्याला एनसीएल ह्या केमिस्ट्रीच्या राष्ट्रीय लॅबमध्ये प्रोजेक्ट केला होता आणि माझं एक पत्र तिथून गेलं होतं. ते नसतं तर काय झालं असतं माहीत नाही. सुरंगी, तुझी तिन्ही पत्रं कॉलेजातूनच जाणार असतील तर सरांचं ऐक. फक्त आधी पॉवरप्रेपच्या (जीआरईवाल्यांच्याच सरावाच्या) दोन टेस्ट फुकट आहेत त्या घड्याळ लावून दे, आणि व्हर्बल कुठे येतंय ते बघूनच पैसे भर. क्वांटला आपल्याकडच्या खूप मुलांचे चांगले येतात, त्याने फार फरक पडत नाही.

मांडवीकाठची

गो बाय, द्यायची ठरली तर एकच सांगते, घरून देऊ नको. मी जुलैत वेंगुर्ल्याला घरून दिली. खोलीत दुसरं कोणी चालत नाही, कॅमेरा चारी बाजूंनी फिरवून दाखवायचा, टेबलाखालीसुद्धा. कच्च्या कामाला कागद पण नाही, छोटा व्हाईटबोर्ड नि मार्कर. माझा निबंध झाला, व्हर्बलचा पहिला सेक्शन झाला, आणि बाहेर असा काही पाऊस लागला की कौलांवरच्या आवाजात प्रॉक्टरचं (ऑनलाइन लक्ष ठेवणाऱ्याचं) बोलणं कळेना. मग लाईट गेली. लॅपटॉप चालू होता पण वायफाय गेलं, मोबाईलचं नेट लावायला फोन बाहेर, आणि उठून जायची परवानगी नाही. आई दाराबाहेर हातात मेणबत्ती घेऊन उभी, आत यायचं नाही हे मीच तिला दहा वेळा बजावलेलं. गेली ती परीक्षा.

दुसऱ्यांदा मुंबईला सेंटरवर दिली. तुतारी एक्सप्रेसने रात्री निघाले, पहाटे दादरला. परत देताना मध्ये २१ दिवस जावे लागतात, म्हणून ऑक्टोबरपर्यंत पहिली उरकायची, नोव्हेंबरवर ढकलायची नाही. आता पेपर २ तासांच्या आतच संपतो, सप्टेंबर २०२३ च्या आधी पावणेचार तास होता म्हणे. मध्ये ब्रेक नाही. आणि चार ठिकाणी स्कोअर फुकट जातो, पण ती नावं परीक्षेच्या दिवशीच टाकावी लागतात, नंतर प्रत्येकाचे वेगळे पैसे. तुझ्या ऑप्शनलवाल्या चारच आहेत, बरोबर बसतात.

सुरंगी_वळेसर

सगळ्यांचे खूप आभार, सर तुमचं तर मी बाबांना वाचून दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प बसले मग म्हणाले तुझ्या तिकिटाचं मी बघतो.

माझी तिन्ही पत्रं कॉलेजातलीच आहेत, त्यामुळे ठरलं. कम्पल्सरीवाली यादीतून काढली. काल रात्री पहिली पॉवरप्रेप दिली, क्वांट १६४, व्हर्बल १४९. दीड महिना आहे हातात, रोज शब्द करतेय, दुसरी टेस्ट महिनाभराने देईन आणि त्यात व्हर्बल दीडशेच्या वर नीट सरकलं तरच फॉर्म भरेन. गेटचा फॉर्म भरतेच आहे. दोन कोऑर्डिनेटरना फी माफीची मेल टाकली, एकीचं उत्तर पण आलं, माफ होते म्हणाली, साधा फॉर्म भरायचा आहे.

मांडवीकाठची ताई, तुतारी दादरला उशिरा पोचली तर? सेंटरचा सकाळचा स्लॉट घेतलेला बरा की दुपारचा?

मांडवीकाठची

दुपारचाच घे. पावसात गाडी कधी वेळेवर गेलीय? आणि ओरिजिनल पासपोर्ट बॅगेत नाही, अंगावरच्या पर्समध्ये ठेव.