१३ वर्षांचा बोका, डायबेटीस आणि किडनीची सुरुवात: खायला नक्की काय घालू?

बंड्याची_आई (ठाणे)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण डोकं पार चक्रावलंय. आमचा बंड्या, देशी बोका, १३ पूर्ण, न्यूटर केलेला. दिवाळीनंतर पाणी खूप प्यायला लागला, लिटर बॉक्समध्ये वाळूचे मोठमोठे गोळे निघायला लागले, आणि खाणं तेवढंच असून वजन उतरलं, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात आता. टेस्ट केल्या तर शुगर ३८०, फ्रुक्टोसामाइन (मागच्या एकदोन आठवड्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) वाढलेलं, लघवीत शुगर, म्हणजे डायबेटीस नक्की. आणि त्याच रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन २.१, एसडीएमए १९ (हे दोन्ही किडनीचे आकडे), फॉस्फरस ४.९. किडनी स्टेज २ म्हणाले. ग्लार्जिन इन्सुलिन १ युनिट सकाळ-संध्याकाळ सुरू केलंय, ते तो बिचारा शांतपणे घेतो, तिकडे काही त्रास नाही.

त्रास खाण्याचा. एक डॉक्टर म्हणाले लगेच रीनल फूडवर (किडनीच्या मांजरांसाठीचं, प्रोटीन-फॉस्फरस कमी असलेलं) टाका. दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले रीनल फूडमध्ये कार्ब्ज जास्त, शुगर कधीच आटोक्यात येणार नाही, लो-कार्ब हाय-प्रोटीन द्या. मग पहिले म्हणतात एवढं प्रोटीन किडनीला झेपणार नाही. कोणाचं ऐकू? सध्या तो कोरडं फूड (साधंच, दुकानात मिळतं ते), उकडलेलं चिकन आणि रात्री आमच्या सासूबाईंच्या हातचा दूधभात एवढं खातो. लहान होता तेव्हापासून ते दोघं एकत्र जेवतात, त्यामुळे तो दूधभात बंद करा म्हणायला माझी जीभच रेटत नाहीये.

कोथरूडची_माऊ

ताई, आधी एक सांगते, दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर गोंधळ होतो. माझ्या मनीला दोन्ही होतं, १४ व्या वर्षी निघालं, त्यानंतर बराच काळ चांगली राहिली, म्हणून थोडं अनुभवातून आणि थोडं आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं लिहिते.

स्टेज २ म्हणजे क्रिएटिनिन १.६ ते २.८. बंड्याचं २.१ आहे, म्हणजे सुरुवातच आहे. त्यात शुगर ३८० असताना मांजर सतत लघवी करतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि नुसत्या त्या कोरडेपणानेसुद्धा क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. म्हणून शुगर जरा खाली आली की किडनीचे आकडे परत करून घ्या, खरं चित्र तेव्हा कळेल. आणि उलटही असतं, मांजर वाळलं, मांस झडलं, की क्रिएटिनिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं, एसडीएमएवर मांसाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते सोबत बघायचंच.

आता आमच्याकडे जो क्रम ठरला तो असा: सगळ्यात आधी मांजर रोज पोटभर खाल्लं पाहिजे, मग शुगर, मग फॉस्फरस. स्टेज २ मध्ये शुगर आधी, कारण डायबेटीस नवीन असताना कार्ब्ज कमी केले आणि इन्सुलिन नीट बसलं तर काही मांजरांचं इन्सुलिन चक्क सुटतं, आणि ही संधी सुरुवातीलाच जास्त असते. किडनी पुढे सरकली, स्टेज ३ च्या जवळ गेली, की रीनल फूडकडे वळायचं आणि त्यातल्या जास्तीच्या कार्ब्जना इन्सुलिनने सांभाळून घ्यायचं. इन्सुलिन वाढवता येतं हो, किडनी परत आणता येत नाही, म्हणून तेव्हा क्रम उलटतो.

पहिलं काम म्हणजे कोरडं फूड हळूहळू काढा आणि ओलं आणा. पाकिटामागे बघून हिशेब करता येतो. समजा पाऊचवर प्रोटीन ९, फॅट ४, फायबर १, अ‍ॅश २ (म्हणजे खनिजं), ओलावा ८२ लिहिलंय. बेरीज ९८, उरले २, ते कार्ब्ज. आता कॅलरी काढायला प्रोटीन आणि कार्ब्जला ३.५ ने गुणायचं, फॅटला ८.५ ने. ३१.५ अधिक ३४ अधिक ७ म्हणजे ७२.५, त्यात कार्ब्जचे ७, म्हणजे साधारण १० टक्के. छान. आता एखादं कोरडं घ्या, प्रोटीन ३०, फॅट १२, फायबर ४, अ‍ॅश ८, ओलावा १०. उरले ३६. तोच हिशेब केला की ३८ टक्के कॅलरी कार्ब्जमधून येतात. पाकिटावर अ‍ॅश बरेचदा लिहितच नाहीत, मग ओल्यासाठी २ आणि कोरड्यासाठी ८ धरून चाला, अंदाज येतो.

नाशिकचा_व्हेट

वरचा सल्ला बऱ्यापैकी बरोबर आहे, यात डॉक्टरांमध्येही मतं वेगळी असतात, पण नवा डायबेटीस आणि स्टेज २ असेल तर मीही ओल्या लो-कार्ब खाण्यापासूनच सुरुवात करतो. फक्त एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे आणि ती कृपया सगळ्यांनी वाचा.

इन्सुलिन चालू असताना खाणं बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना कळवा आणि घरी शुगर बघायला सुरुवात करा. कोरडं आणि भात बंद करून एकदम ओलं सुरू केलं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच खाली येते, डोस तोच राहिला तर शुगर धाडकन पडते. मांजर लटपटतं, एकदम गळून पडतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, जास्त झालं तर फिट येते. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या, नसेल तर मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि तसेच दवाखान्यात या. खाणं एकदोन आठवड्यांत थोडं थोडं बदला.

घरी कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर शुगर बघता येते. माणसांचा मीटर मांजरात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो हे लक्षात ठेवा, पण रोज तोच मीटर वापरला तर चढउतार कळतो. लिब्रे सेन्सर (अंगाला चिकटवायचा, शुगर सतत मोजणारा) पण लावतात, चिकटून राहिला तर १४ दिवस चालतो.

अजून काही टेस्ट राहिल्या असतील तर करून घ्या. बीपी (१६० च्या वर सतत असेल तर औषध लागतं), लघवीत प्रोटीनसाठी यूपीसी, लघवीचं कल्चर कारण गोड आणि पातळ लघवीत इन्फेक्शन पटकन धरतं, पोटॅशियम, आणि थायरॉइडची टी४, कारण म्हाताऱ्या मांजराचं वजन त्यामुळेही उतरतं आणि ते वाढलेलं असेल तर किडनीचा त्रास झाकला जातो. फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, बंड्याचा ४.९ म्हणजे थोडाच वर आहे. खाण्यात बदल करून चारेक आठवड्यांनी परत बघा, तरी वरच असेल तर खाण्यात मिसळायचं फॉस्फेट बाइंडर (खाण्यातला फॉस्फरस धरून ठेवणारं औषध) असतं, ते डॉक्टरांकडून डोस ठरवूनच. या स्टेजला फॉस्फरस फारच कडक कापला तर काही मांजरांचं कॅल्शियम वाढतं, तेव्हा अतिउत्साह नको. आणि मागे कधी खाजेसाठी वगैरे स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा, त्याने शुगर वाढते.

समुद्रकाठ (रत्नागिरी)

घरच्या खाण्याबद्दल मी लिहितो, आमच्याकडे मांजरं चिकन-मासळीवरच असतात. नुसतं उकडलेलं चिकन महिनोन् महिने घालू नका ताई. त्यात फॉस्फरस आहे पण कॅल्शियम नाहीच म्हटलं तरी चालेल, आणि उकडून पाणी टाकलं की टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं एक अमिनो आम्ल) पण त्या पाण्याबरोबर जातं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे जातात, डोळ्यांचं आधीच माहीत होतं, हृदयाचं १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सिद्ध झालं, आता तयार फूडमध्ये ते घालतातच. चिकन वरखाऊ म्हणून ठीक, मुख्य जेवण नको. घरचंच पूर्णवेळ द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून सप्लिमेंटसकट लिहून घ्या.

अंड्याचा पांढरा भाग मात्र फार कामाचा. प्रोटीन चांगलं आणि फॉस्फरस १०० ग्रॅमला १५ मिग्रॅच्या आसपास, पिवळ्यात तोच ३९० च्या घरात. त्यामुळे पांढरं शिजवून, बारीक करून ओल्या फूडमध्ये थोडं मिसळलं की प्रोटीन टिकतं आणि फॉस्फरसचं प्रमाण खाली येतं. कच्चं नको. सुकट, सुके बोंबील, जवळा हे बंद, मीठ फार. चिकनचा रस्सा तर नकोच, कांदा-लसूण मांजराला विषासारखा, ताटातला उरलेला रस्सा चाटायला देतात लोक ते बघवत नाही.

आणि पाकिटावर सोडियम फॉस्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, ट्रायपॉलीफॉस्फेट असं काही दिसलं तर ते फूड शक्यतो टाळा. मांसातल्या फॉस्फरसपेक्षा हे वरून घातलेलं अंगात जास्त आणि लवकर शिरतं, किडनीवर ताण त्याचाच जास्त.

बंड्याची_आई (ठाणे)

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलंच नव्हतं. यूपीसी आणि टी४ केलेलं नाहीये, सोमवारी सांगते डॉक्टरांना. दोनतीन शंका आहेत. दूधभाताचं काय? त्याने खाल्लं नाही तर इन्सुलिन द्यायचं का? आणि आमच्या शेजारी एक आजोबा डायबेटीसची गोळी घेतात, त्यांचं म्हणणं इंजेक्शन कशाला, मांजरांना पण ती गोळी चालते म्हणे?

नाशिकचा_व्हेट

गोळी अजिबात नको. डायबेटीसच्या गोळ्यांपैकी मांजरांसाठीची एक अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली हे खरं आहे, पण आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती द्यायची नाही असं तिच्या लेबलवरच आहे, शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं, जिवावर बेततं) होऊ शकतो. माणसांची गोळी तोडून द्यायची तर गोष्टच सोडा.

खाल्लं नाही तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका, शुगर बघा आणि डॉक्टरांना फोन करा, किती कमी करायचा की टाळायचा ते तेच सांगतील. हे आजच विचारून कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवून ठेवा, ऐनवेळी रात्री शोधाशोध नको. सलग दोन दिवस खाल्लं नाही तर वाट बघू नका, मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. किडनीमुळे मळमळ होत असते बरेचदा, त्याला औषध आहे, भूक लागायचंही आहे, नखरे समजून सोडून देऊ नका.

कोथरूडची_माऊ

दूधभाताबद्दल, भात सगळा कार्ब्ज आणि दुधात साखर असतेच, शिवाय फॉस्फरस. तो जायलाच हवा. पण सासूबाईंच्या हातचं जेवण बंद करू नका ना! त्याच वेळेला, त्याच वाटीत, त्याच जागी त्यांनीच ओलं फूड घालायचं, वर चमचाभर कोमट पाणी, थोडं शिजवलेलं अंड्याचं पांढरं. भात रोज एकेक घास कमी करत जायचा. मांजराला कोण घालतंय आणि कधी घालतंय याचं फार असतं. पाणी मात्र कधीही कमी करू नका, जास्त पितो म्हणून वाटी उचलून ठेवणारी माणसं बघितलीयत मी, तसं चुकूनही नको, उलट दोनतीन ठिकाणी ठेवा. उन्हाळ्यात तर जास्तच.

आणि ताई, सिरिंज कुठली वापरताय? ग्लार्जिन १०० ची (एका मिलीत १०० युनिट) असते म्हणजे नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज. आपल्याकडे मेडिकलवाला कधीकधी सवयीने लाल टोपीची यू-४० देतो, त्यावर १ च्या खुणेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातं अंगात.

बंड्याची_आई (ठाणे)

आत्ता उठून बघितली, नारिंगीच आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं, त्या म्हणाल्या मी घालीन की, फक्त ते पाऊच गार देऊ नको त्याला, कोमट करून दे माझ्याकडे. सोमवारी नवीन रिपोर्ट आले की इथेच टाकते.