पबमेडवर अख्खं शीर्षक टाकलं तर शून्य, दोन शब्द टाकले तर हजारो. शोध बांधायचा कसा?

सिस्टर_एमएस्सी:
नमस्कार. एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध आहे. विषय: आयसीयूतल्या रुग्णांची ठरावीक तासांनी कूस बदलणे आणि बेडसोअर टाळणे. प्रबंधाचं पूर्ण शीर्षक टाकलं तर पबमेड (वैद्यकीय लेख शोधायचा ऑनलाइन डेटाबेस) काहीच दाखवत नाही. नुसतं बेडसोअर टाकलं तर इतकं येतं की वाचून संपणार नाही. कॉलेजात सिनाहल (नर्सिंगच्या लेखांचा डेटाबेस) नाही. सुरुवात कुठून करू?

ग्रंथालय_कट्टा:
शीर्षक टाकूच नका. पबमेड तुमच्या प्रत्येक शब्दामध्ये स्वतःहून 'अँड' घालतं. आपल्याकडच्या शीर्षकांत 'असेस', 'इफेक्टिव्हनेस', 'सिलेक्टेड हॉस्पिटल्स' हे शब्द हमखास असतात. ते सगळे एकाच नोंदीत सापडले पाहिजेत अशी अट पडते आणि शोध कोरडा जातो.

विषयाचे तीन भाग करा: व्रण, कूस बदलणं, आयसीयू. प्रत्येक भाग वेगळा शोधा. 'ॲडव्हान्स्ड' पानावर त्यांना क्रमांक मिळतात, ते शेवटी 'अँड'ने जोडा.

प्रत्येक भागात दोन थर हवेत. पहिला मेशचा, म्हणजे लेखांना लावलेल्या ठरावीक विषय-शीर्षकांचा. व्रणासाठी 'प्रेशर अल्सर', कूस बदलण्यासाठी 'पेशंट पोझिशनिंग', विभागासाठी 'इंटेन्सिव्ह केअर युनिट्स' आणि 'क्रिटिकल केअर'. दुसरा थर लेखकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या शब्दांचा. प्रेशर अल्सर, प्रेशर सोअर, बेडसोअर, डेक्युबिटस यांच्यासोबत प्रेशर इंज्युरी विसरू नका. अमेरिकेतल्या या व्रणांविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 2016 मध्ये 'अल्सर'ऐवजी 'इंज्युरी' शब्द घेतला, त्यामुळे नंतरचे बरेच लेख त्याच नावाने आहेत. हे शब्द 'ऑर'ने जोडा, प्रत्येकामागे चौकोनी कंसात टी-आय-ए-बी (म्हणजे शब्द शीर्षकात किंवा सारांशात शोध) लिहा आणि सगळ्यांभोवती गोल कंस घाला. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. कंस चुकला तर अर्थच बदलतो.

अवतरण चिन्हं आणि तारांकन (शब्दाचा पुढचा भाग काहीही असला तरी चालेल, ही खूण) जपून वापरा. साधं बेडसोअर लिहिलं तर पबमेड ते आपोआप 'प्रेशर अल्सर' या मेश शीर्षकाशी जोडतं. अवतरणात घातलं किंवा शेवटी तारांकन दिलं की ही जोडणी बंद होते. म्हणून तारांकन फक्त दुसऱ्या थरात. शोध झाल्यावर इतिहासाच्या तक्त्यात 'डिटेल्स' उघडून बघा. तुमच्या शब्दांचं पबमेडने नेमकं काय केलं ते तिथे दिसतं, आणि बहुतेक चुका तिथेच सापडतात.

वॉर्ड_टू_रिसर्च:
एवढं करूनही जास्त आले तर फिल्टर लावा: मागची पाच वर्षं, ह्युमन्स, ॲडल्ट, फ्री फुल टेक्स्ट. लगेच आटोक्यात येतं.

पुरावा_आधी:
वर्षांचा फिल्टर चालेल, पण पाचच वर्षं का, ते प्रबंधात लिहावं लागेल. बाकीचे तीन मात्र लावू नका. ह्युमन्स आणि ॲडल्ट हे फिल्टर मेशच्या नोंदीवर चालतात. पबमेडमध्ये मेश न लागलेले बरेच लेख असतात, ते माणसांवरचे असूनही गळतात. आणि फ्री फुल टेक्स्ट लावलं की कॉलेजच्या वर्गणीतून उघडले असते ते लेखही दिसेनासे होतात. निवड शीर्षक आणि सारांश वाचून करा. 'नॉट' वापरून लहान मुलं वगळू नका, मुलं आणि प्रौढ दोन्ही असलेले अभ्यास जातील.

सिनाहल हा नर्सिंगचा खजिना आहे. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वापरता येतो का, ते आधी विचारून ठेवा. तिथे पबमेडची ओळ जशीच्या तशी चिकटवू नका. चौकोनी कंसातल्या खुणा तिथे चालत नाहीत, शब्दाच्या आधी टी-आय किंवा ए-बी लिहायचं असतं. विषय-शीर्षकंही त्यांची स्वतःची असतात, ती नव्याने शोधा.

भारतातले अभ्यास हवेत तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध बघा, त्यांच्या संदर्भसूचीत पबमेडवर नसलेली नियतकालिकं सापडतात. गुगल स्कॉलर 'साइटेड बाय'पुरतं, म्हणजे एखाद्या लेखाचा संदर्भ पुढे कोणी दिला ते बघण्यापुरतं, उत्तम. मुख्य शोध म्हणून नको, कारण ते पहिल्या 1000 निकालांपलीकडे दाखवत नाही.

सिस्टर_एमएस्सी:
खूप आभार. पूर्ण लेख उघडत नसेल तर? आणि शोधाची नोंद कशी ठेवायची?

ग्रंथालय_कट्टा:
कॉलेज सरकारी असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत आहे का ते ग्रंथपालांना विचारा. जानेवारी 2025 पासून त्यातून सुमारे 13,000 नियतकालिकं उघडतात. खासगी कॉलेज असेल तर आधी पीएमसी (पूर्ण लेखांचा मोफत संग्रह) बघा, मग अनपेवॉल हे मोफत प्रत शोधणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन, तेही नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल.

नोंदीसाठी शोधाची पूर्ण ओळ, तारीख आणि निकालांची संख्या त्याच दिवशी वहीत किंवा फाइलमध्ये उतरवा. आठ तास काही केलं नाही तर पबमेडचा इतिहास पुसला जातो, म्हणून माय एनसीबीआयवर खातं उघडून शोध जतन करा. निकाल 'सेंड टू'मधून सायटेशन मॅनेजरला पाठवा आणि ती फाइल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ते मोफत आहे. दुसऱ्या डेटाबेसमधून आलेल्या दुहेरी नोंदी तिथेच काढा, पण काढण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. प्रिझ्माच्या आकृतीत (किती लेख सापडले, किती वगळले हे दाखवणारी आकृती) तोच पहिल्या चौकटीत जातो.