साहसी सहलीने कारखान्यातली माणसं खरंच जवळ येतात का?

ताणाबाणा:
आमचं टर्किश टॉवेलचं युनिट, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी तिथे प्रॉडक्शन बघतो, अठरा वर्षं झाली. हे काम माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. लूमवरून उतरलेला कोरा माल डाईंगला जातो, तिथून शिलाईला, मग चेकिंग-पॅकिंग. रंगात पट्टा दिसला की डाईंगवाले म्हणतात, सुताचे लॉट मिसळलेत. लूमवाले म्हणतात, सुताला लावलेली खळ तुम्ही नीट काढली नाही. दोन्ही कारणांनी पट्टा पडू शकतो, त्यामुळे भांडणाला अंत नाही. आमच्याकडे ही दोन खाती चहालासुद्धा एका टपरीवर जात नव्हती.

गेल्या जुलैत आम्ही चौतीस जण रात्रीच्या बसने कोलाडला गेलो, कुंडलिकेवर राफ्टिंगला. वरच्या वीज प्रकल्पातून सकाळी पाणी सुटतं, त्यावरच तिथल्या बोटी चालतात. आमच्या बोटीत डावीकडे लूमवाले बसले, उजवीकडे डाईंगवाले. कुणी ठरवलं नव्हतं, आपापल्या माणसाशेजारी बसता बसता तसं झालं. मालक मागच्या बाजूला, लाइफ जॅकेट घालून, पंचविशीतल्या गाइडचं ऐकत.

पहिल्या लाटेला डावीकडच्यांनी जीव खाऊन वल्ही मारली, उजवीकडचे अजून वल्हं कसं धरायचं तेच बघत होते. बोट गर्रकन फिरली आणि पाठमोरी पाण्यात घुसली. गाइड ओरडला, "जोर नको, एकदम मारा! पुढच्याचं वल्हं बघा!" मग आमचे डाईंग मास्टर मोठ्याने तेलुगूत मोजायला लागले, "ओकटी, रेंडु, ओकटी, रेंडु." डावीकडचा जॉबर, म्हणजे लूमची देखभाल बघणारा, ज्याच्याशी त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्या आवाजावर वल्हं मारू लागला. पुढच्या लाटेला बोट सरळ गेली.

सोमवारी तोच जॉबर सुताच्या लॉटची चिठ्ठी घेऊन स्वतः डाईंगला गेला. याआधी ती चिठ्ठी शिपायाच्या हाती जायची किंवा जायचीच नाही. माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक युनिटने वर्षातून एकदा असं काहीतरी करावं, आणि मालकाने त्याच बोटीत बसावं.

सात रस्ता:
माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. मी ज्या आर्थिक संस्थेत होतो तिने आम्हाला एका रिसॉर्टवर नेलं. उंच मचाणावरून दोरीने पलीकडे जायचं होतं. आमच्या काउंटरवरच्या बावन्न वर्षांच्या मॅडम तीनदा "मला नको" म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांच्या नावाचा घोष सुरू केला. त्या चढल्या. वर जाऊन थरथरत खांबाला मिठी मारून बसल्या आणि रडल्या. संध्याकाळी तो व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर होता.

महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि ते मला अजून टोचतं. उंचीची भीती ही काही आळस नव्हे, की चार लोकांनी ढकललं की गेली. नोकरीच्या ठिकाणी साहेबांसमोर "नाही" म्हणणं किती अवघड असतं हे जोवर तुम्ही धरत नाही, तोवर तुमच्या बोटीच्या गोष्टीने मला काही पटणार नाही.

विडी घरकुल:
दादा, बोट सरळ गेली याचा आनंद आहे. पण तुमच्या दोन खात्यांत भांडण लागलं कशामुळे, ते तुम्ही लिहिलंच नाही. लूमवाल्याला मजुरी मालावर, डाईंगवाल्याला महिन्याचा पगार. पीस रिजेक्ट झाला की कपात कुणाची? लूमवाल्याची. मग तो भांडणार नाही तर काय करणार? हे भांडण माणसांच्या स्वभावातलं नाही, पगारपत्रकातलं आहे. माझ्या वडिलांनी लूमवर तीस वर्षं काढली, त्यांच्या तोंडचं हे ऐकत मी मोठा झालो.

शिवाय सहल रविवारी. आठवड्याची एकच सुट्टी, पोरांना सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा दाखवायचा तोही त्यातच, सासरी-माहेरी जायचं तेही त्यातच. ती सुट्टी कंपनीने घ्यायची आणि वर "टीम जुळली" म्हणायचं? बसचे आणि राफ्टिंगचे पैसे कपात थांबवायला वापरा, चिठ्ठ्या आपोआप वेळेवर जातील.

ताणाबाणा:
@विडी घरकुल, कपातीचं तुमचं बरोबर आहे, आमच्याकडेही तसंच होतं. पण येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हाचं सांगतो. त्याच जॉबरने मालकांना तोंडावर सांगितलं, "शेठ, लॉट न तपासता आमचे पैसे कापता, म्हणून आम्ही डाईंगवर चिडतो." इतक्या वर्षांत हे वाक्य केबिनमध्ये कुणी उच्चारलं नव्हतं. सकाळी मालक त्याच्याच शेजारी गटांगळी खाता खाता वाचले होते, त्याच जॉबरने त्यांना जॅकेटला धरून आत ओढलं होतं. आता लॉट तपासल्याशिवाय कपात होत नाही. पगारपत्रक बदललं ते बोलण्यामुळे, आणि ते बोलणं नदीवरून आल्यामुळे झालं, असं मी मानतो.

वाचनकट्टा:
या कल्पनेचा उगम बघितला तर दोन्ही बाजूंना उपयोग होईल. १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्हीला कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी 'आउटवर्ड बाउंड' सुरू केलं. महायुद्धात व्यापारी जहाजं बुडत होती, आणि तरण्या खलाशांपेक्षा जुने खलाशी जास्त तग धरतात, अशी होल्ट यांची धारणा होती. अंगात ताकद आहे पण टिकून राहण्याची सवय नाही, ती लावायची म्हणून ते शिक्षण. आपल्याकडे जमशेदपूरला टाटा स्टीलची साहस संस्था १९८४ पासून आहे. बचेंद्री पाल त्याच वर्षी एव्हरेस्टवर गेल्या आणि पुढे त्यांनीच ती उभी केली.

पण हानचा अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभराचा होता. पाणी, डोंगर, पुन्हा पुन्हा सराव. आपण त्यातला एक रविवार उचलतो आणि महिन्याचं फळ मागतो. ताणाबाणा यांना एक विचारतो: तीन महिन्यांनी काय उरलं?

बाळीवेसकर:
कोलाड कशाला बे, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज बघा. सात काठ्या, बाराबंदी घातलेली माणसं, मिरवणुकीत तासन् तास चालणं. काठी पेलणारा एकटा दिसतो, पण त्याच्या चारी बाजूंनी माणसं असतात, आणि तो दमायच्या आधी दुसरा तयार असतो. तो कधी दमणार हे ओळखायला नजर लागते, आणि ती नजर संक्रांतीच्या दिवशी येत नाही. त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून सराव चालतो. माझा मुद्दा वाचनकट्टा यांचाच आहे: सराव नसेल तर साहस वाया.

शिलाई-चेकिंग:
मी दुसऱ्या युनिटमध्ये शिलाईला आहे. वर सगळे लूम आणि डाईंगचं बोलताय. तुमच्या चौतीस जणांत बायका किती होत्या? टॉवेलची कडा आम्ही शिवतो, डाग आम्ही शोधतो, रिजेक्टचा शिक्का आमच्याच हातून बसतो, आणि शिव्याही आम्हीच खातो. आमच्याकडेही अशी सहल झाली. रात्रीची बस, ओले कपडे, बदलायला जागा आहे की नाही हे कुणाला ठाऊक नाही, घरी सासूला काय सांगायचं? एकही गेली नाही. सोमवारी सगळे पुरुष फोटो दाखवत हसत होते, एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत होते. आम्ही आधी थोड्या लांब होतो, त्या दिवसापासून पूर्ण बाहेरच्या झालो.

मला साहस नको असं नाही. लहानपणी मी विहिरीत मुटका मारायची. पण दिवसा निघून दिवेलागणीला घरी येता येईल असं काहीतरी काढा. नळदुर्ग तासाभरावर आहे. किल्ला मोठा, बुरूज चढायला दमछाक करणारे, पावसाळ्यात पाणीमहालावरून पाणी कोसळतं ते बघायला मिळतं. पंजाबी ड्रेसवर होतं सगळं.

भीमाकाठ:
थोडक्यात लिहितो. मे २०२४ मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात कळाशीजवळ वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती सहल नव्हती, रोजची येजा होती, पण पाण्याला ते कळत नाही. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी सांगितली आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागा. जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघा. दाखवायला कुरकुर करणारा दिसला की बस तिथूनच माघारी फिरवा.

आणि नळदुर्गला पावसात शेवाळ असतं, काठाला कठडा सगळीकडे नाही. किल्ला जवळ आहे म्हणून तो सोपा समजू नका.

ताणाबाणा:
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

@शिलाई-चेकिंग ताई, बायका दोनच होत्या, दोघी ऑफिसच्या. शिलाईतल्या सव्वीस जणींना मी "यायचं का?" असं दारातून विचारलं आणि त्या नाही म्हणाल्यावर निघून आलो. का नाही, हे विचारायला मी थांबलो नाही. ही चूक माझी आहे.

@वाचनकट्टा, तीन महिन्यांनी निम्मं उरलं होतं. दिवाळीच्या ऑर्डरच्या घाईत पुन्हा आवाज चढले. तेव्हा आम्ही शनिवारी कोऱ्या मालाच्या गोदामात उभ्याउभ्या पंधरा मिनिटं बोलायला सुरुवात केली, आठवड्याचे रिजेक्ट पीस मधे टाकून. ते अजून चालू आहे. बाळीवेसकर म्हणतात तो सराव बहुतेक हाच. नदीशिवाय ही माणसं त्या गोदामात एकत्र उभी राहिली नसती, यावर मी ठाम आहे.

@विडी घरकुल, पुढच्या वेळी कामाच्या दिवशी, भरपगारी. हे मालकांकडे मागणार आहे. रविवार मिळाला तर जाणार नाही.

@सात रस्ता, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. आमच्याही बोटीत एक हेल्पर गप्प बसून होता. त्याला खरंच यायचं होतं का, हे मला आज सांगता येत नाही.

सात रस्ता:
मग त्याला आधी विचारा, एकट्याला, साहेब जवळ नसताना. आणि न जाणाऱ्याला काठावर काहीतरी खरं काम द्या, जेवणाचं बघणं, दोर सांभाळणं, म्हणजे तो प्रेक्षक होणार नाही. फोटो ज्याचा त्याने दिला तरच ग्रुपवर. एवढं होणार असेल तर माझा विरोध मी मागे घेतो. त्या मॅडमना मी आज फोन केला होता. व्हिडिओचा विषय त्यांनीच काढला.

शिलाई-चेकिंग:
नळदुर्गचं ठरलं तर आमच्या युनिटच्या नऊ जणी यायला तयार आहेत, आजच जेवणाच्या सुट्टीत विचारलं. श्रावणी सोमवार मात्र नको, बऱ्याच जणींचा उपवास असतो.