"मंडळी म्हणजे समाजकल्याण खातं नव्हे" – मग आहे तरी काय?

सोनईकर
आमच्या ग्रुपवर काल एक लेख फिरत होता. थोडक्यात म्हणणं असं: मंडळीला, म्हणजे चर्चला, नेमून दिलेलं काम एकच, सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगणं. दवाखाने, वसतिगृहं, आरोग्य शिबिरं हा मिशनऱ्यांनी मागे ठेवलेला पसारा. तो संस्थांच्या गळ्यात घालावा आणि पाळकांनी (पास्टरांनी) वचनाच्या, म्हणजे बायबल सांगण्याच्या, सेवेला लागावं. आधार काय, तर बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय सहा. प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, म्हणाले, आम्ही ताटं वाढत बसणार नाही. खाली आमेनचा पाऊस.

दोनदा लिहून खोडलं, आता राहवत नाही.

बाबांनो, सहावा वाचलात, मग सातवा-आठवा कोणी वाचायचा? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, कुरकूर झाली, म्हणून सात जण निवडले. त्यातला स्तेफन पुढच्याच अध्यायात त्या पुस्तकातलं सगळ्यात लांब भाषण करून दगडांखाली मेला. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगून आला, कूशी षंढाच्या रथात बसून त्याला यशया संदेष्ट्याचं पुस्तक उलगडून सांगितलं. वाढपी म्हणून नेमलेली माणसंच प्रचारक निघाली की! आणि मूळ ग्रीकमध्ये ताटं वाढण्याला नि वचनाच्या सेवेला शब्द एकच आहे: दियाकोनिया. फरक आपण पाडला, कारण आपल्याला उष्टी काढायची नाहीत.

आमचं आजोळ जामखेडकडचं. आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. गावोगावच्या, कित्येक तर निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. माझी धाकटी मावशी अशाच एका बाईच्या हातावर जन्मली. आजी सांगायची, त्या बाईनं आधी स्वतःची नखं दाखवली, मग ब्लेड आणि दोरा पातेल्यात उकळायला लावला. आजी चिडली होती, हिला स्वयंपाकाचं पातेलं कशाला हवं म्हणून. पसारा म्हणतात होय याला?

वचनदीप
प्रभूमध्ये सलाम. तो लेख माझाच. नाव घालायला हवं होतं, चुकलं.

दवाखाने वाईट असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते आता मंडळीचे राहिलेत का, हा माझा प्रश्न आहे. दोन वर्षांमागे आईला एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. कोणता ते सांगत नाही. काउंटरच्या वर योहान ३:१६ रंगवलेलं आणि त्याच्या खाली, 'डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल केले जाणार नाही'. आई गाडीत कण्हतेय आणि मी एटीएम शोधत फिरतोय. ही दियाकोनिया असेल तर मला नको.

दुसरं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आपल्या भागात बाप्तिस्मे वाढले, तेव्हापासून लोक आपल्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत माझ्या डब्यातली भाकरी बघून एक जण म्हणाला होता, "ही कितीला पडली रे तुझ्या पणजोबाला?" सेवा आणि सुवार्ता एकाच ताटात वाढली की हे ऐकावं लागतं. दोन्ही वेगळी ठेवा, दोन्ही स्वच्छ राहतील.

आणि हा वाद मी उकरलेला नाही. इथं मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लावून गेले. मुद्दा हाच: शाळा चालवणं हे मिशनचं ध्येय नव्हे, देशी मंडळ्या उभ्या करणं हे ध्येय.

सोनईकर
अँडरसन साहेब येण्याआधी जोतीरावांनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फेरार यांची मुलींची शाळा बघितली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची काढली. त्यातून बाप्तिस्मे किती झाले, मोजू का?

आईच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण डिपॉझिट मागणाऱ्या दवाखान्यावर इलाज दवाखाना सोडणं हा नाही.

तंबूवाला
दोघेही पानं तोडताय, मूळ कोणी बघत नाही. मूळ आहे पगार.

प्रेषित पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, दर महिन्याला दोन रविवार प्रवचन केलं, एक रुपया घेतला नाही. पगार आला की सेवेची नोकरी होते. मग बदली, बढती, मोठं शहर, मोठी मंडळी. आमच्या पाळकांनी परवा चारचाकी घेतली. मी काही म्हणत नाही.

पाळकघर
काही म्हणत नाही म्हणता आणि सगळं म्हणता, काका.

माझे वडील एकवीस वर्षं पाळक होते. एका उपकारस्तुतीच्या सणाला, लोक सुगीतलं देवाला वाहतात तेव्हा, लिलावात एक अंडं पाचशे रुपयांना गेलं. एकाने घेऊन परत दान केलं, दुसऱ्याने परत घेतलं, टाळ्या पडत होत्या. त्याच महिन्यात वडिलांचा पगार चौथ्यांदा थकला होता. लिलावात कोणी न घेतलेला भोपळा आम्ही घरी आणला आणि तीन दिवस खाल्ला. भाजी, घारगे, मग परत भाजी.

रात्री अकरा वाजता दार वाजायचं. कोणाचा नवरा पिऊन आलाय, कोणाची मयत. कबरस्तानात खड्डा खणणारा आला नाही, तर वडील आणि माझा भाऊ टिकाव घेऊन गेलेत. सोनईकर, वचनदीप, यातली 'वचनाची सेवा' कोणती आणि 'ताटाची' कोणती ते तुम्हीच ठरवा.

आणि पौल! पौलाला मुलांच्या शाळेची फी नव्हती. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नको, हे करिंथकरांना त्यानंच लिहिलं. तुमचा रुपया न घेणं बँकेच्या पगारावर उभं होतं आणि आता पेन्शनवर आहे.

तंबूवाला
पेन्शन माझ्या घामाची आहे. आणि मी तुमच्या वडिलांबद्दल बोललोच नव्हतो. अपवाद असतात.

पाळकघर
अपवाद चारचाकीवाले आहेत. खेड्यातल्या पाळकघरांत जाऊन बघा. पत्रे कुठे गळतात ते मी सांगते.

पापडीची
मी वसईची कॅथलिक, मध्ये बोलते. आमच्याकडे फादरांना बायको-मुलं नाहीत, म्हणजे तुमचा पगाराचा तंटा मिटला असं वाटेल. नाही मिटत. फक्त ते राबणं सिस्टर्सकडे आणि बायकांकडे येतं.

पाळकघर, तुझ्या पोस्टमध्ये आई कुठे आहे? संडे स्कूल, महिला मंडळ, अवेळी येणाऱ्यांचा चहा तिनेच केला ना? तिचा पगार थकला नाही, कारण तो नव्हताच.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुण्यासाठी आमच्याकडे बारा पुरुष बसायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये नियम बदलून बायकांनाही मुभा दिली. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पहिल्यांदा बायका बसवल्या तेव्हा माझ्या सासूबाईंना बोलावलं. त्यांनी घरी साबणाने दोनदा पाय घासले, टाचांच्या भेगांना व्हॅसलीन चोळलं, मग गेल्या. फादरांनी पाय धुतले, पुसले. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "पाणी गार होतं." आणि कपबशा विसळायला आत गेल्या.

फीबी नावाच्या बाईला पौलाने दियाकोनियाच्याच मुळातला शब्द लावलाय हो, दियाकोनोस; रोमकरांस, सोळावा अध्याय. मराठी शास्त्रात पुरुष सेवक आणि बाई सेविका. पुढे सेवकाचा डीकन झाला, सेविका सेविकाच राहिली.

वचनदीप
विषय भरकटतोय. स्त्रियांच्या दीक्षेवर वेगळा धागा काढा.

पापडीची
विषय सेवेचाच आहे ना? मग आमच्यापाशी आला की भरकटतो कसा?

पाळकघर
पापडीची, खरंय. आई मला लिहिताना सुचलीच नाही. याचंच वाईट वाटतंय आता.

वचनदीप
बरं. सातवा-आठवा अध्याय मला दिसला नव्हता असं समजा, हवं तर त्यावरही आमेन म्हणा. पण सोनईकर, एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. मागच्या महिन्यात तुमच्या तरुण संघाने शिबिर घेतलं. रांग रस्त्यापर्यंत होती, फोटो पाहिले. त्यातल्या एकाशी तरी कोणी प्रार्थनेचा शब्द बोललं का?

सोनईकर
नाही. बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, केळी दिली. एक म्हातारी गोळ्या घेऊनही उठेना. मुलगा पुण्याला असतो, फोन करत नाही, असं काहीतरी सांगत होती. मागे लोक ओरडत होते, मी "आजी, पुढच्यांना येऊ द्या" म्हणालो. हे तुमच्या लेखातून नाही सुचलं, पण प्रश्नाने बोचलं. तेवढं मान्य. बाकी लेख मला अजूनही पटत नाही.

तंबूवाला
कोणी मान्य करायच्या मूडमध्ये आहेच तर माझंही लिहितो. टिळकांनी पगार सोडला तो स्वतःचा. दुसऱ्याचा पगार सोडायचा सल्ला देणं सोपं असतं. येत्या डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) सभेला मी आहे. पाळकांच्या थकबाकीचा ठराव मांडतो. चारचाकीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पाळकघर, वडिलांना सलाम सांगा.

पाळकघर
सांगितला. ते विचारतायत, अनुमोदक कोण आहे ते आधी बघितलंत का?

वचनदीप
अनुमोदन माझं. दवाखान्यांबद्दलचा ठराव मात्र मी वेगळा आणणार आहे.

सोनईकर
आणा. मी विरोधात बोलायला उभा राहीन. जेवणाची व्यवस्था कोणाकडे आहे यंदा?

पापडीची
ओळखा.