आहेराच्या शर्टपीसवर किती दिवस काढणार? खरेदीचा कंटाळा असणाऱ्यांनो, अनुभव लिहा

मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात एका मामांनी भर पंगतीत विचारलं, "इंजिनीयर झालास, कंपनीत लागलास, आन् शर्ट कुणाचा घालून आलास रं?"

शर्ट माझाच होता, फक्त दोन मापं मोठा. लहानपणी हिंगोलीच्या दुकानात आई म्हणायची, "वाढत्या अंगाचं दाखवा." ती सवय सुटलीच नाही. आता वय ३१. अंग वाढायचं केव्हाच थांबलं, वाढतंय ते फक्त पोट. तरी त्या लग्नापर्यंत मी एक्सएल उचलायचो आणि पाच मिनिटांत दुकानाबाहेर पडायचो. हाच मी लॅपटॉप घेताना तीन आठवडे तक्ते वाचत बसलो होतो.

तर हा धागा अशा लोकांसाठी. एक काहीतरी सांगा, जे तुम्ही केलं आणि जमलं, किंवा फसलं. आपल्याकडचं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी धरून सांगा. गोऱ्या मॉडेलचे तीन थरांचे कोट नकोत, आपल्याला मे महिना काढायचाय.

सुरुवात मीच करतो. त्या लग्नानंतर संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत वयस्कर टेलरकडे गेलो. त्यांनी मला उभं केलं आणि खांद्याच्या हाडावर बोट ठेवलं. शर्टाची शिवण तिथून दोन बोटं खाली, दंडावर लोंबत होती. "भाई, ये पैना नै, टांगा हुवा है." मग त्यांनी समजावलं. पोट आत घेता येतं, बाही आखूड करता येते, लांबी कापता येते. खांदा मात्र चुकला की अख्खा शर्ट उसवावा लागतो, आणि मजुरीत नवा शर्ट होईल. म्हणून शर्ट घेताना आधी खांदा बघायचा. शिवण जिथं हाड संपतं तिथंच संपली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

माप घेताना ते म्हणाले, "मुंढा किती ठेवू?" मी म्हटलं, "मोंढ्यात सकाळीच जाऊन आलो." दुकानातलं पोरगं हसून हसून मशीनवर आडवं झालं. मुंढा म्हणजे बगलेचा घेर, धान्याच्या बाजाराचा मोंढा नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्याकडून आकडे घेऊन फोनमध्ये टाकले. खांदा साडेसतरा, छाती ३८, बाही साडेचोवीस, लांबी २९, कॉलर साडेपंधरा. आता ऑनलाइन घेताना एल-एक्सएल बघतच नाही. एका कंपनीचा एल तो दुसरीचा एक्सएल. खाली कपड्याच्या इंचांचा तक्ता असतो, त्यात खांदा जुळवतो आणि छातीला अंगापेक्षा चार इंच जास्त धरतो. वर्ष झालं, एकच शर्ट परत पाठवावा लागला.

परभणी, कृषीचा विद्यार्थी

आमचं घर कापसावर चाललेलं. आजोबा 'नांदेड ४४' लावायचे. आणि मी? शाळेपासून पॉलिस्टरमध्ये. का, तर आहेरात तेच येतं. आमच्याकडे लग्न म्हटलं की भर आहेर, म्हणजे बाप्यांना टॉवेल, टोपी आणि डब्यातला शर्टपीस. कपाटात ११ डबे साठले होते. त्यातले काही तीन-चार लग्नं फिरून आलेले असणार, एकाच्या आत दुसऱ्याच घराचं नाव लिहिलेली चिठ्ठी सापडली.

सुट्टीत मी ते सगळे तपासले. कापडाच्या कडेचे चार धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि राख बोटात चुरली की पिठासारखी. पॉलिस्टर आगीपासून मागं सरतं, वितळतं आणि शेवटी काळी टणक गाठ राहते. मिश्र असेल तर राखेत बारीक खडे लागतात. मोरीत करा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. मी गच्चीवर केलं आणि आईला वाटलं काही करणी चाललीय.

११ पैकी शुद्ध सुती निघाले दोन. सहा मिश्र, तीन निव्वळ गाठी. दोन्ही सुती शिवून घेतले आणि गेला मे त्यांच्यावर काढला. यामागं शास्त्र एवढंच की कापूस स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम मग अंगावरच राहतो.

शिवायला देताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी बघा. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाहीला १.६० मीटर पुरतं. ३६ पन्ह्याला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. डब्यातला पीस कमी भरला तर टेलर गुपचूप खिसा किंवा उलटी पट्टी गाळतो.

लातूर, क्लासमध्ये गणित शिकवतो

गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि मी दर वेळी चुकीच्या रस्त्यानं बाहेर पडतो. म्हणून मी एकदा एका फेरीत पाच आकाशी शर्ट घेतले. पाचही सारखे. डोक्याचा ताप गेला असं वाटलं.

महिनाभरानं मागच्या बाकावरून चिठ्ठी आली, "सर, रविवारी तरी धुता का?" पोरांनी पैज लावली होती, सरांकडं शर्ट एकच आहे की दोन. मी कॉलरच्या आत निळ्या शाईनं एक ते पाच ठिपके काढलेले, ते दाखवावे की काय, असा विचारही मनात येऊन गेला.

मग हिशोब केला. पाच शर्ट: दोन आकाशी, एक पांढरा, एक बारीक चौकडी, एक गडद निळा. दोन पँटी: राखाडी आणि नेव्ही. दहा जोड्या होतात. गडद निळा शर्ट नेव्ही पँटवर घालत नाही, म्हणजे नऊ. खडूची धूळ नेव्हीवर दिसते, राखाडीवर नाही, म्हणून जास्त तास असतील तेव्हा राखाडी. यापलीकडं मी विचार करत नाही.

कमी कपड्यांची सवय मला २०१६ नं लावली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची तेव्हा आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत लोक रात्र काढायचे. घागरभर पाण्यात काय धुवायचं, हा प्रश्न होता. तेव्हा जीन्स दोन-दोन आठवडे उन्हात वाळवून घातली. अजूनही ती मी क्वचितच धुतो, धुतलीच तर उलटी करून आणि सावलीत. रंग टिकतो.

अंबाजोगाई

काळ्या बुटांवर पांढरे मोजे नको. मोजे पँटच्या रंगाचे. मला हे वयाच्या ४० व्या वर्षी मुलीनं सांगितलं, तेही शाळेच्या गेटवर.

नांदेड, एका डेटाबेसवाल्याची बायको

बायकांनी लिहिलं तर चालेल ना? लिहितेच.

आमच्या ह्यांच्याकडं चांगले शर्ट नाहीत असं नाही. ते "ठेवलेले" आहेत. कधीसाठी? कार्यक्रमासाठी. कार्यक्रमाला काय घालतात? जे इस्त्रीचं सापडेल ते. ठेवलेल्याची घडी तिथंच पिवळी पडते. दादांनो, कपडा घालण्यासाठी असतो, मुदत ठेव नाही.

दुसरं, खिसा. छातीच्या खिशात दोन पेनं, चष्म्याचं पुसणं, कसलीतरी पावती आणि फोन. पुढून शर्ट तागडीसारखा एका बाजूला झुकतो. मी टेलरला खिसा लावूच नका म्हटलं. आठ दिवस कुरकुर चालली, मग पेन बॅगेत गेलं.

तिसरं, आमच्याकडं बोअरचं जड पाणी. पांढऱ्या शर्टाची कॉलर वर्षात पिवळट-करडी होते, आणि पावडर वाढवली तर उलट कडक होतं, कारण अशा पाण्यात साबण नीट सुटतच नाही. पावडर कमी, शेवटचं खळबळणं दोनदा, आणि कॉलरला आधी ओला साबण घासून दहा मिनिटं ठेवायचं. तरी रोजच्याला पांढरा घेऊच नका. फिकट निळा, फिकट राखाडी बघा.

आणि नांदेडात असून खादी घालत नाही म्हणजे कमाल आहे. इथल्या खादी समितीकडं तिरंग्याचं कापडसुद्धा तयार होतं. दोन ऑक्टोबरच्या सुमाराला सूट असते, तेव्हा मी थानातून कापड घेते. घरी आणलं की रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं आणि मगच टेलरकडं द्यायचं. पहिल्या खेपेला न भिजवता दिलं होतं. दुसऱ्या धुण्यानंतर ह्यांच्या बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर! ते म्हणाले, "बरंय, टाइप करताना मध्ये येत नाही."

बीड, स्पर्धा परीक्षावाला

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुण्यात सकाळी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बूट घेतले. दुकानात मस्त बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचा सोललेल्या, आणि मी पॅनेलसमोर दुष्काळाच्या उपाययोजना सांगतोय. दिवसभरात पाय थोडे सुजतात, हे नंतर कळलं. बूट संध्याकाळी घ्यायचे, मोजे घालून, आणि पंधरा दिवस आधी. रोज तासभर घरात घालून हिंडायचं. रूमवरचे हसतात, हसू द्या.

पँटीची लांबीसुद्धा त्याच बुटांवर मोजा. मी चपलेवर मोजून दिली होती, बुटांवर घातली तर खाली तीन चुण्या. पट्टा मात्र बुटांच्या रंगाचा होता, तेवढं एक बरोबर. निकाल विचारू नका.

जालना

सगळं वाचलं. माझं मत: एवढं करण्यापेक्षा माणसानं अंघोळ करून, केस कापून, इस्त्रीचा कपडा घालावा. ८० टक्के काम तिथंच होतं. खांदा-बिंदा ठीक आहे.

(धागाकर्ता: दादा, ८० टक्के कुठून काढले? पण इस्त्रीबाबत हात जोडले. माझ्याकडं इस्त्री आहे, तिच्यावर राउटर ठेवलाय.)

धाराशिव, निवृत्त ग्रंथपाल

मुलांनो, तुम्ही फार कष्ट घेता. मी नोकरीत लागलो तेव्हा वडिलांनी गावातल्या टेलरकडं नेलं आणि सांगितलं, पांढरा शर्ट, राखाडी पँट, सहा-सहा नग. दर दोन वर्षांनी चार नवे, जुने पोतेऱ्याला. कापड तेच, कॉलर तीच. पुस्तकांची धूळ पांढऱ्यावर दिसते, म्हणून शेवटची १० वर्षं फिकट तपकिरी केला. माझ्या आयुष्यातली एवढीच काय ती फॅशन. सौ. म्हणायची, लग्नाच्या अल्बमपासून निरोप समारंभापर्यंत फोटो बघितले तर फक्त केस बदललेत.

ते टेलर आता नाहीत. मुलगा बसतो. माझं माप अजून त्यांच्याच वहीत आहे, बापाच्या अक्षरात, १९९१ सालचं. खांदा, बाही, कॉलर कशालाच हात लागलेला नाही. पोटाचा आकडा तेवढा दर वेळी खोडून बाजूला नवा लिहितात. मागच्या खेपेला तो म्हणाला, "काका, या ओळीत आता जागा नाही बगा, मागच्या पानावर लिहू का?"