मेंढरं वळणाऱ्या बॉर्डर कॉलीचं पहिलं वेत: नर कोणता निवडावा?

रानवाट
नमस्कार मंडळी. माझी बॉर्डर कॉली मादी मैना आता तीन वर्षांची आहे. रोज मेंढरांवर काम करते. लांब वळसा घेऊन कळपाच्या पाठीमागे जाते आणि मेंढरं न उधळता माझ्यापर्यंत आणते. नजर जबरदस्त आहे, पण कधी कधी एकाच मेंढीवर टक लावून जागीच खिळते, मग हलवायला पुन्हा हाक द्यावी लागते. पुढच्या माजाला तिचं एक वेत काढायचा विचार आहे. एक पिल्लू मी ठेवेन, बाकीची फक्त कळप असलेल्यांकडेच जातील.

तीन नर डोळ्यांसमोर आहेत. पहिला चार वर्षांचा, मेंढरं वळण्याची स्पर्धा जिंकलेला. टक मैनेपेक्षाही जास्त. त्याची आई आणि मैनेचा बाप सख्खी भावंडं आहेत. दुसरा दोन वर्षांचा, गुरांवर काम करतो, धीट, अडून बसलेल्या जनावराच्या टाचेला दात लावून हलवतो. तिसरा नऊ वर्षांचा, कुठल्याच स्पर्धेत उतरलेला नाही, अजून रोज कळपावर जातो.

माझ्याकडे फक्त दोन तपासण्यांपुरते पैसे आहेत. कोणत्या करू? आणि नर कोणता घेऊ?

काठीवाला
डोळे झाकून पहिला. माझा नर स्पर्धा जिंकलेल्या बापाचा आहे, शिट्टी अर्धी वाजेपर्यंत खाली बसतो. असा कुत्रा आमच्या ओळखीत दुसरा कुणाकडे नाही. आणि तपासण्या करायच्याच तर सगळ्या करा: डीएनए, खुबे, खांदे, डोळे, कान. त्यात काटकसर करू नये.

लोकरी
काठीवाला यांना अनुमोदन. खुब्यांचा एक्स-रे तर हवाच.
एक सुचवू का? मर्ल रंगाचा नर बघा. ठिपकेदार पिल्लांना घरं पटकन मिळतात.

हाळी
घरं पटकन मिळतात हेच तर दुखणं आहे. रंग पाहून नेलेली पिल्लं कळपावर जात नाहीत. मर्ल नर लावायचाच असेल तर मादी मर्ल नाही याची खात्री आधी करा. मर्लला मर्ल लावला की सरासरी चारातल्या एका पिल्लाला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, आणि अशी पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही निघू शकतात. शिट्टी ऐकू न येणारा कुत्रा लांबच्या कळपावर कसा पाठवणार?

माझा अनुभव सांगतो. मोठ्या घराण्यातलं पिल्लू घेतलं होतं. आईबापाच्या डीएनएचे कागद स्वच्छ, खुबे उत्तम. तिसऱ्या वर्षी त्याला कळपाच्या मधोमध पहिली फिट आली. विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, "कागद बघा, सगळं बरोबर आहे." कागद खरेच बरोबर होते. बॉर्डर कॉलीच्या अपस्मारासाठी भरवशाची डीएनए चाचणीच नाही. त्या कुत्र्याला आयुष्यभर औषध द्यावं लागलं, काम सुटलं.

काठीवाला
असं एखादं होतं. म्हणून जिंकणारं रक्त सोडायचं का?

टिटवी
मीही पहिलाच म्हणेन, पण नात्याचं बघा. त्याची आई आणि मैनेचा बाप भावंडं म्हणजे ही दोघं आते-मामेभावंडांसारखी. पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापाचं जवळचं नातं पिल्लांत किती उतरतं त्याचं माप) निदान ६.२५ टक्के, मागच्या पिढ्यांत आणखी कुणी सामाईक असेल तर त्याहून जास्त. वंशावळ हातात असली तर हे मोजायला काही खर्च येत नाही.

जुनं_कुरण
मागच्या पिढ्यांत सामाईक असणारच. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉली मागे जात जात १८९३ मध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प या नरापर्यंत पोचतात. नंतर विस्टन कॅप आला, जन्म १९६३. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याने आंतरराष्ट्रीय सर्वोच्च स्पर्धा जिंकली आणि मग त्याला इतक्या माद्या लावल्या की त्याचं रक्त जगभर पसरलं. कुत्रा थोरच होता. पण प्रत्येक पिढीत सगळे एकाच विजेत्याकडे धावले की बाकीची रक्तं संपत जातात आणि त्या एकाचा लपलेला दोष पुढे घरोघरी भेटतो.

स्पर्धेतून चार गोष्टी कळतात हे मान्य: वळसा, उचल (कळपाला पहिल्यांदा हलवणं), आणणं, हाकणं. पण आजारी न पडता किती वर्षं काम करेल, पावसाळ्याच्या शेवटी थकलेला असताना चिडून मेंढीला चावेल का, हे तिथे दिसत नाही.

काठीवाला
स्पर्धेला नावं ठेवणारे बहुधा स्पर्धेत कधी उतरलेले नसतात.

जुनं_कुरण
उतरलोय, जिंकलोयही. माझं मत तेच आहे.

गोठा_आणि_शिंग
विषय मूळ प्रश्नावर आणू या. पशुवैद्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन तपासण्या अशा करा: मैनेची डीएनए चाचणी आणि मैनेच्या खुब्यांचा एक्स-रे. डीएनएमध्ये कॉलीचा डोळ्यांचा दोष, टीएनएस आणि सीएल हे तिन्ही असू द्या. टीएनएसमध्ये पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतच अडकतात, पिल्लू साध्या संसर्गाने लहानपणीच दगावतं. सीएलमध्ये मज्जासंस्था हळूहळू निकामी होते. हे तिन्ही दोष अप्रभावी जनुकाचे आहेत, म्हणजे आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. मैना स्वच्छ निघाली तर नर कोणताही असो, या दोषांनी एकही पिल्लू आजारी होणार नाही, आणि नराच्या चाचणीचे पैसे वाचतील. ती वाहक निघाली तरी बाद करू नका, नर तेवढा स्वच्छ घ्या. वाहक कुत्रे सरसकट काढून टाकले तर वर म्हटलंय तसं चांगलं रक्तही त्यांच्याबरोबर जातं.

खुब्यांचं असं नाही. तिथे अनेक जनुकं आणि वाढीच्या काळातलं वजन, खाणं यांचा हात असतो, म्हणून दोघांचेही एक्स-रे हवेत. नराचा एक्स-रे आणि ब्रुसेलाची रक्तचाचणी नरमालकाने करून द्यायची, तसं आधीच ठरवा. ब्रुसेलाची चाचणी मैनेचीही करा, दोनच म्हटलं असलं तरी ही टाळू नका. त्याने गर्भ पडतात आणि तो रोग माणसालाही लागतो.

माझी पसंती दुसऱ्या नराला, पण एक वर्ष थांबून. दोन वर्षांचा कुत्रा अजून पुरता घडलेला नसतो. नऊ वर्षांच्या नराची वीर्यतपासणी केल्याशिवाय त्याचा विचारही करू नका, वयाबरोबर प्रजननक्षमता उतरते.

लोकरी
गाभणपणात कॅल्शियम किती द्यायचं? आम्ही भरपूर दिलं होतं.

गोठा_आणि_शिंग
देऊ नका. गाभण असताना वरून कॅल्शियम दिलं की शरीराची हाडांतून कॅल्शियम काढायची यंत्रणा मंदावते आणि विल्यावर दूध उतरताना मादीला झटके येण्याचा धोका वाढतो. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात पिल्लांचा चांगला आहार आईला द्या, तेवढं पुरतं.

टिटवी
दिवस कसे मोजायचे तेही सांगा ना. आम्ही रक्त दिसल्यापासून दहावा दिवस धरतो.

गोठा_आणि_शिंग
प्रत्येक मादीचा दिवस वेगळा असतो. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावरून बीज सुटल्याचा दिवस कळला तर त्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. नुसत्या मीलनापासून मोजलं तर ५७ ते ७२ असा मोठा फरक पडतो, कारण शुक्राणू आत कित्येक दिवस टिकतात. तपासणी परवडत नसेल तर मादी स्वतः शेपूट बाजूला करून उभी राहायला लागली की एक दिवस आड करून दोनदा लावा. शेवटच्या आठवड्यात रोज ताप बघा. ३७ अंशांखाली उतरला की साधारण एका दिवसात विते. अर्धा तास जोर करूनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पाऊलवाट
पिल्लं कुठे जाणार हे नर ठरवायच्या आधी ठरवा. आमच्या शेजाऱ्यांनी कामाच्या वेतातलं पिल्लू बंद घरातल्या कुटुंबाला दिलं. वर्षभरात ते मुलांच्या टाचा धरायला लागलं, सायकलींमागे पळायला लागलं आणि मग त्याला गेटला बांधून ठेवलं. त्यात कुत्र्याचा काय दोष? कागदावर लिहून घ्या की कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल. आठ आठवड्यांआधी देऊ नका. तिसऱ्या आठवड्यापासून माणसं, आवाज, गाड्या, गवत, खडी सगळं दाखवा. मेंढरं लांबूनच, मेंढीची एक धडक कोवळ्या पिल्लाला कायमचं घाबरवते.
आणि हो, मला एक मादी हवी आहे. माझ्याकडे कळप आहे.

हाळी
टक असलेल्या मादीला त्याहून जास्त टक असलेला नर लावला तर खिळणारी पिल्लंच मिळतील. म्हणून पहिला नको.

काठीवाला
टक नसेल तर कुत्रा भुंकून मेंढरं पळवतो. टक जास्त असलेली केव्हाही बरी.

रानवाट
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचून काढलं.

डीएनए आणि खुबे मैनेचेच करते आहे, ब्रुसेलासाठी पुढच्या महिन्याचे पैसे काढून ठेवते. वंशावळ काढली, पहिल्या नराशी आणखी दोन पूर्वज सामाईक निघाले, त्यामुळे तो सोडला. दुसऱ्याची धिटाई मला आवडते, पण माझ्या मेंढरांना दात लावणारा कुत्रा नको.

मी तिसरा घेते आहे. कुणीच त्याच्या बाजूने बोललं नाही, म्हणून कारण लिहिते. हाळी यांनी अपस्माराचं लिहिलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. तो बहुधा सहा महिने ते सहा वर्षांच्या मध्ये दिसायला लागतो, म्हणजे चार आणि दोन वर्षांच्या नरांबद्दल अजून काहीच सांगता येत नाही. हा नऊ वर्षांचा आहे, एकदाही फिट नाही, लंगडणं नाही, रोजचं काम चालू आहे. त्याची दोन भावंडंही जिवंत आहेत, त्यांच्या मालकांशी बोलले. त्याची टक मध्यम आहे आणि तो मेंढीच्या अंगावर शांतपणे चालून जातो, मैनेत नेमकं तेच कमी आहे.

मालक वीर्यतपासणी, एक्स-रे आणि ब्रुसेला करून देणार आहेत. यातलं काही बिघडलेलं निघालं तर हा माज सोडून देईन.

काठीवाला
म्हाताऱ्या नराची पिल्लं कमी होतात. बघा बुवा.

रानवाट
चार झाली तरी चालतील. घरं सध्या तेवढीच नक्की आहेत. पाऊलवाट, तुमच्या कळपाबद्दल निरोप करते.