नवा बॉल पायथन खात नसेल तर थांबावे की भरवावे?

सातरस्ता (धागाकर्ता): सोलापुरात बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर) आणणाऱ्यांकडून आठवडाही उलटत नाही तोच 'खात नाही, तोंड उघडून भरवू का?' अशी विचारणा होते. माझे मत स्पष्ट आहे, भरवू नये. नव्या घरातला वास, उजेड आणि हादरे अनोळखी असताना भक्ष्य गिळत बसणे सापाला धोक्याचे वाटते. म्हणून निदान आठवडाभर त्याला हाताळू नये आणि पेटीच्या दोन्ही टोकांना अंगाला भिडेल इतकी अरुंद दडणीची जागा द्यावी. त्यानंतर गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात ऊब आणून, संध्याकाळी लांब चिमट्याने थोडा दूर धरावा. उबदार बाजू ३१-३२ अंश आणि थंड बाजू २५-२७ अंश असावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा खरी कसोटी थंड बाजू थंड राखण्याची आणि कोरड्या हवेत ओलावा टिकवण्याची असते. घरातील वडीलधारी मंडळी मायेने दूध ठेवतात, तेही टाळावे. त्याला स्वच्छ पाणीच हवे.

होटगी रोड: सहमत नाही. निरोगी प्रौढ बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो, पण पिल्लाकडे तेवढी चरबी नसते. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करा आणि दहा टक्क्यांहून अधिक घट झाली तर पशुवैद्यकांकडे जा. शिवाय विक्रेता जिवंत उंदीर देत असेल, तर घर आणि अन्न एकाच वेळी बदलण्याचा हट्ट कशासाठी? डोळे न उघडलेले उंदराचे पिल्लू चावू शकत नाही. सुरुवातीला तेच द्यावे.

सातरस्ता: वजनाचा मुद्दा मान्य. मात्र मोठा जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणारे मी पाहिले आहेत, आणि भुकेला उंदीर सापाची पाठ मणक्यापर्यंत कुरतडतो. तोंडात अन्न सारण्याचे काम तर पशुवैद्यकांनीच करावे, कारण घाबरलेला साप ते उलटून टाकतो आणि आणखी खंगतो.

नान्नज माळरान: आपण दोघेही खरेदीनंतरचे बोलत आहात. नाग, धामण, अजगर हे देशी साप पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंद करावी लागते. कागदपत्रांविना आलेला साप बहुधा लांबच्या, चोरट्या प्रवासात पाण्यावाचून राहिलेला असतो; तो रानातून पकडलेला असेल तर पोटात जंतही असतात. अशा सापापुढे चिमटा हलवून काय उपयोग?

होटगी रोड: म्हणूनच, थांबायचेच असेल तर त्या काळात त्याची विष्ठा तपासून घ्यावी. जंत निघाले तर आधी त्यांवर उपचार, उंदीर त्यानंतर.